चौथ्या पानावरचं वाक्य

आमच्या मंडळाच्या दप्तरात एक अर्ज आहे. चार पानांचा, माझ्या हस्ताक्षरातला. तीन प्रती केल्या होत्या. दोन निधीच्या कार्यालयात गेल्या, तिसरी माझ्याकडे राहिली. अक्षर सुंदर आहे, मजकूर वाचवत नाही. इतक्या वर्षांत मी तो फाडला का नाही, असं भाची विचारते. मी रागीट बाई आहे आणि राग ठेवायला माणसाला कुठेतरी जागा लागते. माझा त्या चार पानांत ठेवलेला आहे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. ठाण्यात मुलींच्या शाळेत मी शिकवत होते. लग्न केलेलं नव्हतं. आई आणि मी, दोघीच एका जुन्या आळीत भाड्याच्या घरात राहत होतो. आळीतल्या सात-आठ बायकांचं एक महिला मंडळ होतं. हळदीकुंकू, भजन, कधीमधी शिवणाचा वर्ग, एवढाच त्याचा पसारा. शिकलेली म्हणून मला चिटणीस केलं होतं. तेव्हा जो तो देश उभारायला निघाला होता. आम्हालाही वाटायचं, आपणही काहीतरी उभारावं. काय, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते ठरवलं आमच्या मीठवालीनं. मिठागरांपलीकडे खाडीच्या कडेला आगऱ्यांचं एक गाव होतं, तिथून ती आठवड्यातून दोनदा डोक्यावर पाटी घेऊन यायची. साठीची, काळीसावळी, ताठ मानेची. "मीठ घ्या वो, मीऽऽठ!" अशी तिची हाळी आळीच्या तोंडाशी सुरू व्हायची आणि प्रत्येक दारापाशी एकदा व्हायचीच. दार उघडं असलं, बाई समोर उभी असली तरी व्हायची. गावची सुईणही तीच होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं.

एका श्रावणात ती दोन आठवडे आली नाही. आली तेव्हा आईनं विचारलं, तर मीठ मापता मापता म्हणाली, "माजे सुनंचा पोर बांधावर जल्मला, बाय. बांधावरच गेला."

झालं होतं असं. सुनेचं पहिलंच बाळंतपण. पहिलटकरणीनं माहेरी जायचं, पण तिला माहेरी सावत्र आई, म्हणून ती सासरीच राहिली. मूल आडवं आलं. म्हातारीची नजर कमी झालेली, हातही पूर्वीचे राहिले नव्हते. तिनं पुष्कळ खटपट केली, ते फिरेना. ठाण्याला दवाखान्यात न्यायचं तर वाट मिठागरांच्या बांधावरून, आणि पावसाळ्यात भरतीला बांध पाण्याखाली. पाणी होडीला कमी आणि पायाला जास्त. ओहोटीची वाट पाहून भरदुपारी चार माणसांनी सुनेला झोळीत घालून चालवलं. अर्ध्या बांधावर ती मोकळी झाली. मूल रडलंच नाही.

म्हातारीनं हे सगळं सांगितलं, वर चिमूटभर मीठ जास्तीचं घातलं आणि पाटी उचलून पुढच्या दारी गेली. तिथे हाळी दिली. मी ओटीवर वह्या तपासत बसले होते. मी वह्या मिटून ठेवल्या.

मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. गावात एक पक्की खोली बांधायची, पावसाळ्याचे चार महिने तिथे नर्सबाई ठेवायची. माझ्या ओळखीची एक शिकलेली नर्सबाई तयारही होती. तिचं म्हणणं एकच: वर कौलं हवीत, खाली फरशी हवी, औषधं-हत्यारं ठेवायला कुलूप लागेल असं दार हवं. कुडाच्या झोपडीत ती जाणार नव्हती. यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मंडळाची शिल्लक म्हणजे हळदीकुंकवाच्या वाणातून उरेल ती. तेव्हा कुणीतरी निधीचं नाव काढलं. कल्याणच्या एका व्यापारी घराण्यानं काढलेला तो लोकोपयोगी निधी होता. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या संस्थांना मदत द्यायचा. शाळेला बाकं, वाचनालयाला कपाटं, तालमीला कौलं. अर्ज करा, मिळेल, असं सगळे सांगत होते.

मी अर्ज केला. अर्ध्या पानाचा. पावसाळ्यात बांध बुडतो, अडलेल्या बाईला बाहेर काढता येत नाही, गेल्या श्रावणात या गावातल्या बाईचं मूल बांधावर गेलं, एक खोली हवी. खाली सही. आणखी काय लिहायचं असतं, हे मला कळतच नव्हतं.

निधीचं कार्यालय कल्याणला एका वखारीच्या माडीवर होतं. खाली मिरच्यांची पोती. वर जाईपर्यंत येणारा प्रत्येक माणूस डोळे पुसत असायचा, तेव्हा खरा दुःखी कोण हे त्या लोकांना कसं ओळखू येत असेल देव जाणे. तिथे एक कारकून बसायचा. त्यानं माझा कागद हातात घेतला, उलटून पाठीमागे काही आहे का पाहिलं, आणि म्हणाला, "बाई, हा अर्ज आहे की तार?"

मी म्हटलं, "जे हवंय ते लिहिलंय."

"ते झालं हो. पण यात गरिबी कुठाय? खोली सगळ्यांनाच हवी असते. मला पण हवीय." मग गळा साफ करून समजुतीनं म्हणाला, "ताकाला जाऊन भांडं लपवू नये. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. चांगलं लिहा. तीन-चार पानं होऊ द्या."

आणि मंजूर झालेला एक अर्ज त्यानं नमुना म्हणून माझ्यापुढे टाकला. कुठल्याशा अनाथगृहाचा होता. वाचताना माझे डोळे भरून आले, आणि तो मिरच्यांचा परिणाम नव्हता. दुसऱ्याच क्षणी मला त्या लिहिणाऱ्याचा हेवा वाटला. शाळेत निबंधाचं बक्षीस दर वर्षी मला मिळायचं. मनात म्हटलं, थांबा, दाखवते तुम्हाला.

दिवाळीच्या सुट्टीत मी तो दुसरा अर्ज लिहिला. 'सदर ग्रामातील स्त्रियांस अंगभर वस्त्र नाही; गुडघ्याखाली लुगडे पुरत नाही अशा अवस्थेत त्या वावरतात.' हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं ना! खोलीची जागा बघायला गावात गेले तेव्हा प्रत्येक बाई गुडघ्याच्या वर लुगडं नेसलेली होती. 'दोन दोन दिवस चुलीवर हंडी चढत नाही.' हे पाहिलं नव्हतं, पण शोभून दिसलं. 'अज्ञानाच्या घोर अंधकारात पिढ्यान्पिढ्या खितपत पडलेल्या या अभागिनी' हे तर मी आईला दोनदा वाचून दाखवलं. आई म्हणाली, "अगं, आपली मीठवाली अभागिनी आहे होय?" मी तिला म्हटलं, "तुला यातलं काही कळत नाही."

बांधावरचं ते वाक्य चौथ्या पानावर गेलं. अगदी शेवटी, 'तरी कृपावंत होऊन' याच्या आधी. तिथे ते मला जरा कोरडंच वाटत होतं.

म्हातारीला मी त्यातला एक शब्द सांगितला नाही. विचारायची, "कागुद लिवलास काय, बाय?" मी म्हणायची, "लिहिला, लिहिला." वाचून दाखवावा असं चुकूनही मनात आलं नाही. तिच्याविषयीच्या गोष्टी मी तिला काय सांगायच्या, असंच बहुधा वाटलं असेल. माघात तिनं बातमी आणली की सुनेला पुन्हा दिवस गेलेत. श्रावणात व्हायची होती. पुन्हा श्रावणच. मी कल्याणला पत्र पाठवलं, आणखी एक पाठवलं, आणि शेवटी चैत्रात निधीची मंडळी पाहणीला येणार असं उत्तर आलं.

निधीचे कार्यवाह निवृत्त सरकारी अधिकारी होते. कोट, उपरणं, हातात लाल पेन्सिल. मला तो माणूस तेव्हा आवडला नव्हता. आता तो हयात नाही, पण तेवढ्यासाठी मत बदलावं असं मला वाटत नाही. बरोबर समितीचे दोन सभासद होते, ते काहीच बोलायचे नाहीत. तिघांनी आपापल्या पिण्याच्या पाण्याचे फिरकीचे तांबे बरोबर आणले होते. आम्ही तासभर बांधावरून चाललो. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांवर येत होते. कार्यवाह सारखे घड्याळ बघत होते. रस्ता मीच केला असावा असा त्यांचा चेहरा होता.

आणि आम्ही गावात शिरलो.

मिठाचा ऐन हंगाम असून त्या दिवशी एकही बाई कामावर गेलेली नव्हती. वाट झाडून, शिंपून ठेवली होती. आंब्याची पानं बांधली होती. पाहुणे शाकाहारी म्हणून गावानं त्या दिवशी मासळी शिजवली नव्हती. शहाळी सोलून ठेवली होती आणि गूळ-खोबरं घातलेली घावनं केली होती. आणि समोर ओळीनं पाच बाया आरती घेऊन उभ्या होत्या. पाचही जणी नखशिखांत सोन्यानं मढलेल्या. गळ्यात पुतळ्यांच्या माळा, ठुशा, कानांत बुगड्या, हातांत गोट. मधोमध म्हातारीची सून. तिच्या अंगावर इतकं होतं की मान लवत होती.

कार्यवाह थबकले. त्यांनी त्या पाच जणींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि खिशातून माझा अर्ज काढला.

त्या निधीची एक पद्धत होती. अर्जातला एकेक मुद्दा जागेवर मोठ्यानं वाचायचा, पडताळायचा, आणि शेजारी बरोबर किंवा चूक अशी लाल खूण करायची. पुढे ऐकलं, त्यांना या पद्धतीचा फार अभिमान होता. त्यांनी वाचायला सुरुवात केली. खणखणीत आवाज, अर्जाची भाषाही अशी की काना-मात्रा ऐकू यावी. आरतीची तबकं हातातच राहिली.

"स्त्रियांस अंगभर वस्त्र नाही," त्यांनी वाचलं. नवी कोरी लुगडी समोर उभी होती. फुली.

"दोन दोन दिवस चुलीवर हंडी चढत नाही." घावनांचा वास सुटला होता. फुली.

"अज्ञानाच्या घोर अंधकारात," इथं ते थांबले आणि सभासदांकडे बघून हसले. "पिढ्यान्पिढ्या खितपत पडलेल्या या अभागिनी." फुली.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांनी कागद मिटले. "पुढचं वाचायची गरज दिसत नाही," म्हणाले. "माझ्या सुनेच्या अंगावर एवढं सोनं नाही."

बायांना अर्जातले सगळे शब्द कळले नसतील. पण वस्त्र नाही आणि चुलीवर हंडी नाही हे कुणालाही कळतं. सुनेनं तबक खाली ठेवलं आणि पदर ओढून घेतला. म्हातारी पुढे आली. कार्यवाहांशी ती बोललीच नाही. मला म्हणाली, "बाय, ऊन चढला. पाव्हन्यांना घेऊन जा." मग तिनं हात केला, आणि पोरींनी शहाळी उचलून आत नेली.

परतीच्या वाटेवर कार्यवाह बोलत होते. तरुण आहात म्हणून सोडतो, खोटा अर्ज म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नाही, असल्या अर्जांमुळे खऱ्या गरजूंच्या तोंडचा घास जातो, वगैरे. मी म्हटलं, "अहो, पण बांध! ह्या बांधाचं वाचलंत का तुम्ही? पावसात हा बुडतो." ते म्हणाले, "आत्ता तर चांगला कोरडा आहे." आणि रस्त्याला लागताना, "ठीक आहे, समितीपुढे ठेवतो."

मला त्यांचा राग आला होता, पण तितकाच त्या बायांचाही आला होता. ह्यांना नटायला आजचाच दिवस सापडला? मी इथे यांच्यासाठी दारोदार फिरते आणि ह्या सोनं मिरवतात! घरी येऊन मी आईला हेच सांगितलं.

वैशाख सरताना निधीचं उत्तर आलं. 'पाहणीत सदर ग्राम सुस्थितीत आढळले. सबब अर्ज नामंजूर.' नर्सबाईला कळवलं. तिनं महिन्याभरात दुसरीकडे नोकरी धरली. म्हातारी पाहणीनंतर आळीत फिरकली नव्हती. मी पत्र घेतलं, अर्जाची तिसरी प्रतही घेतली, आणि तडक गावात गेले. समजूत घालायला नव्हे, भांडायला गेले.

संध्याकाळ व्हायची होती. बाया नुकत्याच मिठागरातून आल्या होत्या, ओटीवर बसून पायांच्या चिरांना तेल लावत होत्या. त्या दिवशी कुणाच्याही गळ्यात काळ्या पोतीशिवाय काही नव्हतं. मी उभ्या उभ्या सुरुवात केली. "तुमच्या सोन्यापायी गेली खोली. एवढं सोनं घालून कुणी मदत मागतं का? एक दिवस साधं राहायला काय झालं होतं?"

म्हातारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ता सोना कोनाचा व्हता, ठाव हाय तुला?"

ते सगळ्या गावाचं होतं. चाळीस घरांत मिळून जे काही होतं ते त्या पाच जणींच्या अंगावर होतं. त्यांची रीतच तशी. लग्न असो की पाहुणा, पुढे उभ्या राहणाऱ्या बाईच्या अंगावर घराघरातून आणून घालायचं, संध्याकाळी ज्याचं त्याला परत. पाहुण्यासमोर बाई बोडक्या गळ्यानं उभी राहिली तर तो पाहुण्याचा अपमान, आणि गावाचंही नाक गेलं. सुनेच्या कानातली बुगडी सात घरं सोडून राहणाऱ्या एका आजीची होती. पाहणीवाल्यांचा मान राखायला गावानं एक दिवसाचं काम सोडून हे केलं होतं. माझ्या शब्दाखातर.

हे ऐकून मी खाली बसले. मी गप्प झाले असते तर बरं झालं असतं. पण माझं तोंड! मी म्हटलं, "मग मला आधी सांगायचं नाही का?"

"तू सांगलंस?" म्हातारी म्हणाली. "तो कागुद वाच. सगला वाच."

मी वाचला. प्रत्येक वाक्य झालं की ती हात वर करायची, मी थांबायची, आणि ती बायांना विचारायची, "खरा का खोटा?" निधीच्या कार्यवाहांचीच पद्धत, फक्त पेन्सिल नव्हती. गुडघ्याच्या वरच्या लुगड्याचं आलं तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. ती एरवी माझ्यासमोर बोलत नसे. "बाय, मिठाचे पान्यान लुगरा भिजला तं कडक व्हतो. मांड्या सोलतान. म्हनून वर खोचतो." एवढंच. रागानं नाही, लहान मुलाला सांगावं तसं. हंडीचं वाक्य खोटं ठरलं. अंधकाराचं कुणाला कळलं नाही. मी अर्थ सांगितला, तेव्हा एक जण फिस्सकन हसली. वाचता वाचता माझा घसा सुकला. पाणी मागायची लाज वाटत होती. सुनेनंच आणून दिलं.

चौथ्या पानावर आले. 'गत श्रावणमासी या ग्रामातील एका स्त्रीस प्रसूतीसाठी नेत असता बांधावरच तिचे मूल दगावले.'

म्हातारीनं हात वर केला नाही. "खरा का खोटा" असं विचारलंही नाही.

सून म्हणाली, "ह्या त्यांनी वाचला नाय?"

"नाही."

"का नाय?"

"शेवटी लिहिलं होतं मी."

"पयले लिवायचा ना," ती म्हणाली. तिला सहावा महिना सरत आला होता.

पहिल्या कागदावर तेवढंच लिहिलं होतं, तो त्यांनी परत केला, हे सगळं मी सांगायला लागले. कारकून, वखार, नमुन्याचा अर्ज. कुणी ऐकत नव्हतं. त्या बायांना त्याच्याशी काय करायचं होतं? मीच माझी बाजू मांडत होते आणि समोर न्यायाधीश कुणी नव्हता.

माझं संपल्यावर म्हातारीनं विचारलं, "बाय, तुजे घरान किती खोल्या हायत?"

"दोन. आणि ओटी."

"मानसा किती?"

"आई आणि मी."

"दवाखाना किती लांब?"

सरकारी दवाखाना आमच्या आळीपासून पायी पाच मिनिटांवर होता. तिला ते माझ्याइतकंच माहीत होतं. ती वीस वर्षं त्याच्यावरून मीठ घेऊन जात होती.

"मंग आषाढापून माजे सुनंला ठेवशील? दोन मयने. ती काम करंल घरातला."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. देवाशपथ सांगते. खोली, कौलं, फरशी, नर्सबाई, मंडळ, निधी, कल्याणच्या खेपा, एवढं सगळं आलं; आणि ज्या घरात बसून मी ती चार पानं लिहीत होते त्या घराची मागची खोली रिकामी होती, हे आलं नाही. मी म्हटलं, "घर लहान आहे. आईचं सोवळंओवळं असतं. मालकांनाही विचारायला हवं. मी विचारून सांगते."

म्हातारीनं मान हलवली. म्हणाली, "इचार. कागुद लिवून देव का?"

टोमणा मारला असता तर मी उलट बोलले असते, मला ते येतं. पण ती खरंच विचारत होती. शहरातल्या माणसाकडे काही मागायचं तर कागद द्यावा लागतो, एवढं ती माझ्याकडूनच शिकली होती.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती पहिल्या दिवशी कुरकुरली. सोयर, मालकीण, शेजारी, सगळं बोलून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना म्हणाली, "आण तिला. मागच्या खोलीत बाज टाकू. मालकिणीचं मी बघते."

त्यानंतरचे बारा दिवस आईचे नाहीत, मालकिणीचे नाहीत, ते माझे आहेत. त्या बारा दिवसांत मी निधीला फेरविचाराचा अर्ज लिहीत होते. पाच पानं. त्यात मी सोन्याची रीत समजावली, लुगड्याचं कारण दिलं, पाहणीच्या पद्धतीवर सडकून टीका केली. प्रत्येक वाक्य तीनदा घासलं. मला त्या लाल पेन्सिलवाल्याला खोटं पाडायचं होतं, आणि ते केल्याशिवाय गावात तोंड दाखवायचं नव्हतं. सुनेला तर आणायचीच आहे, आषाढाला अवकाश आहे, असं मी स्वतःला सांगत होते. आई रोज विचारायची, "गेलीस का गं?" मी म्हणायची, "एवढं टपालात टाकते नि जाते."

टपालात टाकलं आणि गेले. ज्येष्ठ अर्धा सरला होता, बांध निसरडा झाला होता. म्हातारी ओटीवर जाळं विणत बसली होती. मी लांबूनच म्हटलं, "आई हो म्हणाली! घेऊन चला तिला."

तिनं मान वर केली नाही. "ठाकुर्लीला धारली," म्हणाली.

सुनेची एक मावशी ठाकुर्लीला राहायची. नवरा रेल्वेत हमाली करायचा. एक खोली, तीत सहा माणसं. म्हातारीनं निरोप धाडला होता आणि मावशी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन भाचीला घेऊन गेली होती. तिनं कुणाला विचारलं नव्हतं. विचारणार कुणाला? त्या खोलीत सातवी आली, आणि श्रावणात आठवा आला. मुलगा. दोघं खुशाल. हे मला गावातून कुणी कळवलं नाही; आईला बाजारातल्या एका मासळीवालीकडून कळलं. आईनं मागच्या खोलीतली बाज तशीच ठेवली होती, ती त्या दिवशी उचलली. उचलताना मला हात लावू दिला नाही.

माझ्या फेरविचाराच्या अर्जाला निधीचं उत्तर गणपतीत आलं. मुदत उलटून गेल्यामुळे विचार करता येत नाही.

दसऱ्यानंतर म्हातारी पुन्हा आळीत यायला लागली. मला वाटलं, येईल, बसेल, आई तिला चहा देईल, मग मी बोलेन. काय बोलायचं ते मी मनात घोकून ठेवलं होतं. तेही बहुधा लांबलंच असतं. मी ओटीवर उभी राहिले. आळीच्या तोंडाशी हाळी सुरू झाली. पहिल्या दारी, दुसऱ्या दारी, तिसऱ्या दारी. आमचं चौथं. आमच्या दारासमोर ती गप्प झाली, पाटी सावरून चालत राहिली, आणि पाचव्या दारापाशी तिनं पुन्हा हाळी दिली, "मीठ घ्या वो, मीऽऽठ!"